'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म' म्हटलं की सुटले का?

प्रश्न: सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून ऑनलाइन पाच लिटरचा कुकर घेतला. थोड्याच दिवसांत वाफ कोंडून झाकण उडालं, आईचा हात चांगलाच भाजला. विक्रेता फोन उचलत नाही, ॲपवाले म्हणतात आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, माल आमचा नाही. तक्रार कुणावर करायची? त्यासाठी बंगलोरला जावं लागेल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: आधी आईंकडे बघा, आणि दवाखान्याचा एकही कागद टाकू नका.

मग कुकरवर आयएसआयची खूण शोधा, वर आयएस 2347 हा कुकरच्या मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आणि चालू आहे का ते लगेच कळतं. खूणच नसेल किंवा नंबर बोगस निघाला तर तुमची बाजू एकदम भक्कम, कारण 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय नसलेला घरगुती कुकर विकायचाच नाही, दुकानात काय न् ऑनलाइन काय.

आता प्लॅटफॉर्मचं. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असेच 2,265 कुकर विकले गेले म्हणून ॲमेझॉनला 1 लाख दंड केला, शिवाय ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या असंही सांगितलं. बचाव हाच होता की विकणारे दुसरे, पण त्या विक्रीवर 6 लाखांच्या वर कमिशन घेतलेलं होतं आणि प्राधिकरणाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. 6 लाख कमावून दंड 1 लाख, हे मला अजिबात पटत नाही, लोकांचे हातपाय भाजायचा प्रश्न आहे हा.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जुन्या 1986 च्या कायद्यापेक्षा बरंच दिलंय. सदोष मालाने इजा झाली तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' म्हणून उत्पादक सुटत नाही, आणि उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर विकणारा अडकतो. पण विकणाराही गायब झाला तर प्लॅटफॉर्मने भरायचं, हे मात्र कायद्यात स्वच्छ लिहिलेलं नाही, जून 2021 च्या ई-कॉमर्स नियमांच्या मसुद्यात तसं होतं पण मसुदा मसुदाच राहिला. ते कायद्यात यायलाच हवं, कारण ग्राहक ॲपच्या नावावर विश्वास ठेवून पैसे भरतो, त्या विक्रेत्याला कोण ओळखतं?

तुम्ही उत्पादक, विक्रेता आणि प्लॅटफॉर्म, तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. विक्रेत्याचा पत्ता प्लॅटफॉर्मकडे लेखी मागा, तो द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. बंगलोर वगैरे काही नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. एवढ्या किमतीच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत 2 वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर पण तक्रार नोंदवून ठेवा. आणि रिफंड देतो म्हणत कुकर न्यायला कुणी आलं तर देऊ नका, घासूही नका, आहे तसा पिशवीत बांधून ठेवा, आयोगापुढे तोच पुरावा आहे.