फेचला (सर्व्हरकडून डेटा मागणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) स्टेटस 200, म्हणजे 'ठीक', मिळतो, पण पेजवर डेटा दिसत नाही. कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन' येतं. नेट स्लो असल्यामुळे होतं का? फेचऐवजी ॲक्सिओस ही लायब्ररी वापरू का?

नेट स्लो नाही. ही एरर आली म्हणजे उत्तर ब्राउझरपर्यंत पोचलंय, फक्त ते जेसन, म्हणजे कोडला वाचता येणाऱ्या ठरलेल्या साच्यातला डेटा, नाही. टोकन '<' असेल तर बहुतेक सर्व्हरने एचटीएमएल पाठवलंय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट उघडा आणि रिस्पॉन्स वाचा. प्रिव्ह्यू नको, रिस्पॉन्सच.

'नेट स्लो' वाचलं आणि राहवलं नाही. मी जळगावात काम करतो. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी बाजारभावाचं पेज केलं होतं. सर्व्हरचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे. सकाळी गाडी भरायच्या आधी शेतकरी पेज उघडायचे आणि नुसतं चक्र फिरायचं. मग व्यापाऱ्याला फोनवर फोन, "काय भाऊ, आज भाव निघाला नही का?" पुण्याहून ठरलेलं उत्तर: आमच्याकडे चालतंय, तुमच्या खानदेशात नेट स्लो असेल.

नेटवर्क टॅबच्या टायमिंगमध्ये तर उत्तर सेकंदाच्या आत येत होतं. रिस्पॉन्सच्या वरच '
 <b>वॉर्निंग</b>: अनडिफाइन्ड व्हेरिएबल', आणि त्याखाली जेसन अगदी शाबूत. एखाद्या मालाचा भाव भरायचा राहिला की ती वॉर्निंग छापली जायची. त्यांच्या टेस्ट डेटात सगळे भाव भरलेले, म्हणून तिकडे चालायचं. त्यांच्या सर्व्हरवरची भाषा पीएचपी; ती नुसत्या वॉर्निंगवर स्टेटस बदलत नाही, 200 च राहतो. आमच्या पेजवर जेक्वेरी ही लायब्ररी होती, ती 'पार्सरएरर' (उत्तर वाचता आलं नाही) म्हणून थेट एरर कॉलबॅकमध्ये जायची, भाव दाखवायचा कोड चालायचाच नाही. स्क्रीनशॉट पाठवल्यावर त्यांनी गुपचूप दुरुस्त केलं, पण नेटबद्दलचा शब्द काही मागे घेतला नाही. गावाचं नाव ऐकून बग ठरवणाऱ्याला मी डेव्हलपर मानत नाही.

लाइव्ह सर्व्हरवर पीएचपीचं डिस्प्ले एरर्स (एरर उत्तरात छापणं) बंद आणि लॉग एरर्स (एरर लॉगमध्ये नोंदवणं) चालू हवं, यात चर्चेला जागाच नाही. ॲक्सिओसने सर्व्हरचं उत्तर बदलणार नाही.

हां, शेतात रेंज खरंच जाते, तेव्हा क्रोममध्ये 'फेल्ड टू फेच' येतं. पण सीओआरएसने (दुसऱ्या साइटचा डेटा वाचू द्यायचा की नाही हा ब्राउझरचा नियम) अडवलं तरी तेच शब्द येतात, म्हणून कन्सोलमधली लाल ओळ पूर्ण वाचा. शिवाय 404 किंवा 500 आला तरी फेच कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या भागात, जात नाही. रिस्पॉन्सचं 'ओके' स्वतः तपासावं लागतं. आणि पुन्हा कोणी नेटचं नाव काढलं, तर आधी टायमिंगचा स्क्रीनशॉट मागा.