कॅन्टोनीज कळत नाही. हाँगकाँगचे जुने ऑपेरा-चित्रपट पाहायचे तर सुरुवात कुठून करू? अजून लोक ते का बघतात?

१९५९ चा कृष्णधवल 'दाय न्युई फा' आधी बघा, तोही इंग्रजी उपशीर्षकं असलेल्या प्रतीत. कथा दोन ओळींची: १६४४ मध्ये चीनमधली मिंग घराण्याची सत्ता कोसळते, राजकन्या छांगपिंग वाचते, आणि नव्या राजवटीकडून वडिलांचं सन्मानाने दफन व भावाची सुटका पदरात पाडून घेऊन लग्नाच्या रात्री नवऱ्यासोबत विष घेते. शेवटचं ते द्वंद्वगीत हाँगकाँगमध्ये ऑपेराचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्यालाही ओळखता येतं. हे चित्रपट टिकले त्याचं मोठं कारण तोंग तिक-सांग या नाटककाराची पदं; दुसरं कारण यम किम-फाय आणि बाक श्युत-सीन ही कलाकारांची जोडी. यात नायक झालेली यम ही बाई आहे! (आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलट.) तिची चाल, बाहीची फेक आणि खालच्या पट्टीतला आवाज यांच्यामुळे दहा मिनिटांत ते लक्षातही राहत नाही. तोंग १९५९ मध्येच वारला, पण त्याची नाटकं अजून रंगमंचावर होतात.

एक मात्र आहे: पडद्यावर मूळ नाटकाला बरीच कात्री लागली आहे, त्यामुळे यावरून रंगमंचावरच्या प्रयोगाचा अंदाज बांधू नका. आणि शोधताना १९६३ चा 'द लव्ह इटर्न' पुढे आला तर तो मँडरिन या दुसऱ्या चिनी भाषेतला, हुआंगमेई या वेगळ्या चिनी ऑपेराच्या चालींचा; सुंदर आहे, पण घराणं वेगळं.