कोणतं काम, ते सांग

पोरी,

रविवारी तू कुंभारीच्या घरकुलातून दोन रिक्षा बदलून दुकानात आलीस, चहासुद्धा घेतला नाहीस आणि एकच विचारलंस, "काका, फिल्म लाइनमध्ये जाऊ का नको?" तेवढ्यात मुंजीचा अल्बम न्यायला गिऱ्हाईक आलं आणि मी "बघू" म्हणून सुटलो. सोलापुरात "बघू" म्हणजे काय, ते तुलाही माहीत आहे. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

तू हुशार आहेस, कष्टाला मागे हटत नाहीस वगैरे सांगत बसणार नाही. मला तुझा प्रश्नच पटला नाही. लाइन म्हणजे काय? कोणतं काम?

तुझे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांना विचार, "तुम्ही कापड लाइनमध्ये काय?" हसतील. कारखान्यात कोणी वाइंडर असतो, कोणी वार्पर, कोणी माग चालवतो आणि माग अडला की जॉबरला हाक जाते. चादरीच्या जेकॉर्डची पत्ती, म्हणजे नक्षीचं भोकाभोकांचं कार्ड, पंच करणारा दुसरं काही करत नाही, पण त्याच्यावाचून चादरीवर फूल उमटत नाही. सिनेमा हाही कारखानाच. फोकस धरणारा वेगळा, बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरणारा वेगळा, कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळतंय ना याची, वही सांभाळणारी वेगळी. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली. तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सला फॉर्म भरतानाही दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन यांतलं काहीतरी सांगावं लागतं. 'फिल्म लाइन' असा रकाना नाही.

तू नागराज मंजुळेंचं नाव घेतलंस. २०१६ नंतर या दुकानात येणारं प्रत्येक पोरगं ते घेतं. जेऊर आपल्याच जिल्ह्यात, अभिमान मलाही आहे. पण 'सैराट'च्या आधी 'फँड्री' आहे, 'फँड्री'च्या आधी 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म, आणि तिच्याही आधी कविता. लिहिणं हे काम हातात होतं. तुझ्या हातात कोणतं आहे?

माझ्या हातात काही नव्हतं. १९९७ साली सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो तेव्हा पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि डोक्यात 'डिरेक्टर' एवढा एकच शब्द. गोरेगावात एका खोलीत सहा जण. मालिकांच्या सेटवर असिस्टंट, म्हणजे पडेल ते. चहा सांगायचा, नटाची चप्पल शोधायची, बारा-चौदा तास उभं राहायचं. पैसे तीन महिन्यांनी, आणि शेवटच्या मालिकेचे तर अजून यायचे आहेत. एका एडिटरने मला दोन-चारदा मागे उभं राहून बघताना पाहिलं असावं. म्हणाला, "सहा महिने इथे नुसता बस. काही करू नको, बघ." मी म्हणालो, "सर, मला डिरेक्टर व्हायचंय." तो "बरं" म्हणाला आणि मशीनकडे वळला. त्याची ती पाठ मला अजून दिसते.

दोन वर्षं सात महिन्यांनी परत आलो. वडील आजारी होते, असं सगळ्यांना सांगितलं. होतेही. पण दिवाळीपर्यंत ते खडखडीत बरे झाले आणि मी काही परत गेलो नाही. हे दुकानात कोणाला बोललेलो नाही.

आता तू म्हणशील, हरलेला माणूस मला शिकवतोय. हरलेला नाही, बाई. लग्नाच्या कॅसेटी कापता कापता जे शिकलो, ते त्या एडिटरच्या खोलीत सहा महिन्यांत शिकलो असतो, एवढंच. अक्षता पडताना मुलीच्या आईचा चेहरा कुठे घ्यायचा आणि किती वेळ ठेवायचा, हे मला या गावात कोणी शिकवू नये. तेही एडिटिंगच आहे. कोणी काही म्हणो.

तर मूळ मुद्दा. तुझा मोबाइलवरचा दीड मिनिटाचा व्हिडिओ. तू गेल्यावर अकरा वेळा पाहिला. पहिलं, राग आला. आई भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापतेय, सुपात तंबाखू आहे, बोटं दोरा गुंडाळतायत, आणि तू त्याच्यावर कुठलं तरी गाणं लावलंस! हजार विड्यांची ती कात्री मला ऐकूच आली नाही. तुझी आई रोज ज्या आवाजात बसते, तोच तू पुसून टाकलास.

पण वडिलांचा माग येतो तिथे गाणं संपतं. पुढची वीस सेकंद नुसती खडखड. आणि तिथे धोट्याच्या प्रत्येक फेरीला तू चित्र बदललंस. माग, हात, सूत, वडिलांचा कान, पुन्हा माग. एकही जागा चुकली नाही. नंतर फोनवर तुला विचारलं तर म्हणालीस, "असंच बरं वाटलं." अगं, "असंच" कोणाला जमत नाही! माझ्याकडे दोन पोरं कामाला होती, त्यांना मी चार वर्षं हेच शिकवत होतो.

म्हणून पुन्हा विचारतो, कोणतं काम? "डायरेक्शन" म्हणू नकोस. तो शब्द मी एकदा बोलून बसलोय. आणि "अजून ठरवलं नाही" तर अजिबात म्हणू नकोस, कारण तुझ्या हातांनी त्या वीस सेकंदांत ठरवलेलं आहे. मुंबई, पुणे, फॉर्म, फी, आई काय म्हणेल, हे सगळं नंतर. आईशी बोलायचं झालं तर मी येईन. मला तेलुगू तोडकीमोडकी येते, चालेल.

सध्या एक कर. गाणं काढ. पुन्हा शूट करावं लागलं तर कर, पण आईचा पंखा बंद करून, मोबाइल सुपाच्या जवळ ठेवून. कात्री नीट आली पाहिजे. मग आधी कात्री आणि मागून माग, दोन्ही जोडून बघ कसं लागतं. मला वाटतं, कात्रीवरून मागावर जाताना मध्ये एक क्षण काहीच आवाज नको. पण ते तू ठरव.

गुरुवारी ये. अकरापर्यंत मी शटर उघडतो. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, आवाज मरतो. पेनड्राइव्हवर आण.

तुझा,
काका