वाचकांचे प्रश्न : रणगाडा आला, यान का आले नाही?

परदेशी मॉडेल किट, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या छोट्या प्रतिकृती, जमवणाऱ्या वाचकांची चार पत्रे या वेळी एकत्र घेत आहे. चौघांच्याही प्रश्नांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत.

प्रश्न : मी म्हापशात राहतो आणि गेली काही वर्षे जपानी कंपन्यांचे प्लास्टिक मॉडेल किट जमवतो. जपानमधील एका दुकानाच्या संकेतस्थळावर मी ‘स्टार वॉर्स’मधील एका यानाचे किट निवडले, परंतु पैसे भरताना ‘हा माल आपल्या देशात पाठवता येत नाही’ असा संदेश आला. त्याच दुकानातून मागवलेला रणगाडा मात्र विनासायास घरी पोहोचला. अशा किटवर आपल्या सरकारची बंदी आहे का? दुसऱ्या मार्गाने आणले तर कस्टम जप्त करील का?

उत्तर : सरकारची बंदी नाही. रणगाडा आला आणि यान आले नाही, या तुमच्या अनुभवातच कारण दडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्याचे किट काढायला कोणत्याही चित्रपट कंपनीची परवानगी लागत नाही. यानाचे तसे नाही. त्याचा आकार, नाव, डब्यावरचे चित्र हे सर्व चित्रपटाच्या हक्कधारकाचे असते आणि किट बनवणाऱ्याला त्याच्याकडून परवाना घ्यावा लागतो. हा परवाना किती वर्षांसाठी आहे, कोणत्या प्रकारच्या वस्तूंसाठी आहे आणि कोणत्या देशांत विक्री करण्यासाठी आहे, हे करारात लिहिलेले असते. एकाच यानाचा परवाना एका प्रदेशासाठी एका कंपनीला आणि दुसऱ्या प्रदेशासाठी दुसऱ्या कंपनीला दिलेला असू शकतो. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत नेमके हेच घडले. बंदाई कंपनीने २०१४ साली या मालिकेचे किट काढायला सुरुवात केली आणि त्यांचे साचे इतके नेटके निघाले की जगभरच्या हौशी मंडळींनी ते जपानमधून मागवायला सुरुवात केली. परंतु अमेरिका आणि युरोप येथे हा परवाना रेव्हेल कंपनीकडे होता. त्यामुळे जपानी दुकानांना ही पार्सले तिकडे पाठवणे थांबवावे लागले. पुढे रेव्हेलनेच बंदाईच्या साच्यांतले काही किट आपल्या डब्यात घालून युरोपात विकले.

याहून लांबलेले उदाहरण ‘मॅक्रॉस’ मालिकेचे आहे आणि ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडच्या अनेक संग्राहकांना जुन्या डब्यांवरच्या नावांचा गोंधळ त्यामुळेच होतो. ही मालिका जपानमध्ये १९८२ साली सुरू झाली आणि तिच्यातल्या विमान-रोबोंचे किट इमाई आणि आरी या कंपन्यांनी काढले. अमेरिकेतील हार्मनी गोल्ड या कंपनीने तात्सुनोको या चित्रनिर्मिती संस्थेकडून मालिकेचे हक्क घेतले आणि आणखी दोन जपानी मालिका तिला जोडून १९८५ साली ‘रोबोटेक’ या नावाने ती दाखवली. ‘रोबोटेक’ हे नाव मात्र त्याआधीच, १९८४ मध्ये, रेव्हेलच्या ‘रोबोटेक डिफेंडर्स’ या किटमालेच्या डब्यांवर आले होते आणि त्या डब्यांत मॅक्रॉसच्या रोबोंबरोबर इतर मालिकांचे रोबोही होते. म्हणून जुना डबा विकत घेताना वरचे नाव वाचून थांबू नये, आतल्या किटचे मूळ जपानी नाव शोधावे.

पुढे जपानी न्यायालयांत वाद गेला. मालिकेच्या चित्रफितीचे हक्क तात्सुनोकोकडे आणि पात्रे व यंत्रे यांच्या मूळ रेखाटनांचे हक्क ती काढणारा स्टुडिओ नुए आणि मालिकेची प्रायोजक बिग वेस्ट यांच्याकडे, असे निकाल २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लागले. ते निकाल जपानपुरते होते; अमेरिकेत ‘मॅक्रॉस’ हे व्यापारचिन्ह हार्मनी गोल्डकडेच होते. परिणाम असा झाला की हासेगावा आणि बंदाई या जपानी कंपन्यांचे मॅक्रॉसचे सुंदर किट जपानी दुकानांत मांडलेले असत, पण अमेरिकेतील वितरक ते अधिकृतपणे आणू शकत नसत. एप्रिल २०२१ मध्ये बिग वेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांच्यात समझोता जाहीर झाला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. एका मालिकेच्या किटसाठी जवळजवळ एक पिढी थांबली. हौशी माणसाचा यात काहीच दोष नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दुकान आणि हक्कधारक यांच्यातला करार तुम्हाला बांधत नाही, कारण तुम्ही त्यात पक्षकार नाही. आपल्या कस्टमचा संबंध येतो तो बौद्धिक संपदेच्या २००७ सालच्या अंमलबजावणी नियमांपुरता, आणि व्यापारी हेतू नसलेला, स्वतःच्या वापरासाठी सामानातून किंवा लहान पार्सलने आलेला माल त्या नियमांतून वगळलेला आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्येही खासगी व घरगुती वापरासाठी एक प्रत आणण्याला मोकळीक दिलेली आहे. तेव्हा तुमच्या शेल्फसाठी आणलेले एक अस्सल किट केवळ ‘दुसऱ्या प्रदेशाचे’ आहे म्हणून जप्त होण्याची भीती बाळगू नका. शुल्क भरले नाही, ओळखपत्र दिले नाही किंवा किंमत खोटी लिहिली, तर मात्र पार्सल अडकेल आणि ते योग्यच आहे.

जपानमधला पत्ता देणारा मध्यस्थ गाठून किट मागवणे हा अनेकांचा मार्ग आहे. त्यात मध्यस्थाचे दलाली शुल्क, जपानमधले टपाल आणि परदेशी टपाल असे तीन खर्च चढतात आणि एखादा रनर (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) कमी निघाला तर परत पाठवण्याची सोय बहुधा नसते. एकदा माझ्या हाती आलेल्या डब्यात पारदर्शक भागांचा रनरच नव्हता आणि मध्यस्थाकडून दाद मिळाली नाही. माझा सल्ला असा की आधी सहा महिने वाट पाहावी. किटचे साचे कंपन्या जपून ठेवतात आणि जुने किट पुन्हा बाजारात आणतात. आज तिप्पट किमतीला विकला जाणारा डबा पुढच्या वर्षी मूळ किमतीला मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

प्रश्न : मी साखळीची आहे. माझ्या मुलासाठी मागवलेल्या किटवर किटच्या किमतीच्या मानाने फारच शुल्क लागले. ओळखीच्या एकाने सुचवले की विक्रेत्याला पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहायला सांगा. माझे दीर तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, आहेत. त्यांच्या हाती किट आणले तर शुल्क टळेल का?

उत्तर : ताई, ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्कमाफी होती. डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता ती सवलत काढून घेतली गेली. म्हणजे तसे लिहून फायदा काहीच नाही आणि विकत घेतलेल्या वस्तूबद्दल खोटे निवेदन केल्याचा ठपका मात्र तुमच्या नावावर येतो.

शुल्क इतके का, तेही सांगतो. कस्टमच्या दरपत्रकात खेळणी आणि लहान आकाराच्या प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये, येतात. त्यांच्यावरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण १/७२ प्रमाणातले विमान महिनाभर घासून, रंगवून उभे करणाऱ्या माणसाची हौस त्याच मापाने मोजली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या वस्तूंसाठी दरपत्रकात ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे आणि त्याचा दर वेगळा असतो. म्हणून पावतीवर कोणते शीर्षक लावले आहे ते आधी पाहा आणि चुकीचे वाटल्यास कुरिअर कंपनीकडे लेखी विचारणा करा. शिवाय शुल्काचा हिशेब किटच्या किमतीत टपालखर्च मिळवून होतो. विमानाने आलेल्या मालाचा टपालखर्च मात्र किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतच धरला जातो; तीन हजारांच्या किटला अडीच हजारांचे टपाल लागले, तरी त्यातले सहाशेच हिशेबात येतात. त्यामुळे दोन-तीन किट एकत्र मागवून टपालखर्च वाटून घेणे, हाच एकूण खर्च कमी करण्याचा सरळ मार्ग आहे.

दिरांच्या हाती आणायला हरकत नाही, मात्र एक भेद लक्षात ठेवा. करार संपवून कायमचा उतरून घरी येणारा तारवटी आणि बोट बंदराला लागली म्हणून काही तासांसाठी किनाऱ्यावर आलेला तारवटी, या दोघांना सामानाच्या नियमांत वेगवेगळी सवलत आहे. पहिल्याला इतर प्रवाशांसारखी सवलत मिळते, दुसऱ्याला अगदी थोडी. रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरण्याआधी त्या तपासून घ्यायला सांगा आणि दुकानाची पावती जवळ ठेवायला सांगा. रंगाच्या बाटल्या, थिनर आणि गोंद मात्र त्यांच्या बॅगेत देऊ नका. ते ज्वालाग्राही असल्याने विमानात नेता येत नाहीत. ते इथेच विकत घ्यावेत.

प्रश्न : मी वास्कोचा. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मुलांना घेऊन नेहमी जातो, आणि तेथले सी हॅरियर पाहून मी विमानांचे किट करू लागलो. दोन शंका आहेत. खऱ्या विमानांच्या किटवरही परवान्याचे बंधन असते का? आणि जर्मन विमानाच्या डिकलमध्ये (किटवर चिकटवायच्या छापील चिन्हांत) शेपटीवरचे चिन्ह का नव्हते?

उत्तर : बोइंग किंवा लॉकहीड मार्टिन यांच्या विमानांच्या डब्यावर बाजूला, बारीक अक्षरांत, परवान्याची ओळ छापलेली आढळते. तेथे प्रश्न नावाचा आणि मानधनाचा असतो. ‘अमुक देशात विकू नका’ अशी अट मला अशा किटवर क्वचितच दिसली आहे. म्हणूनच विमाने जमवणाऱ्यांना हा त्रास कमी आणि रोबो जमवणाऱ्यांना जास्त. सी हॅरियरबद्दल एवढेच सांगतो की १९८३ पासून २०१६ पर्यंत ही विमाने दाबोळीच्या हंसा या नौदल तळावरून उडाली. तुम्ही भारतीय नौदलाच्या रंगात ते करणार असाल, तर विमानाचे क्रमांक आणि पांढऱ्या वाघाचे पथकचिन्ह संग्रहालयातल्या खऱ्या विमानावरून छायाचित्र काढून पडताळा. जगातल्या फार थोड्या संग्राहकांना ही सोय घराजवळ आहे.

शेपटीवरचे चिन्ह जर्मनीच्या दंडसंहितेच्या कलम ८६अ मुळे गेले. नाझी संघटनांची चिन्हे सार्वजनिकरीत्या वापरणे तेथे गुन्हा आहे. म्हणून युरोपात जाणाऱ्या किटमध्ये ते चिन्ह गाळलेले किंवा दोन तुकड्यांत छापलेले असते. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीने काढलेले स्वस्तिक आणि ते चिन्ह यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. घरातल्या मुलांना किट दाखवताना हा फरक नीट समजावून सांगावा, असे मला वाटते. शर्यतीच्या जुन्या मोटारींच्या अनेक किटमध्ये सिगारेट कंपन्यांच्या छापाच्या जागा कोऱ्या असतात, त्यामागे तंबाखूच्या जाहिरातबंदीचे कायदे आहेत.

प्रश्न : मडगावात माझे स्टेशनरीचे लहान दुकान आहे. जपानहून वीस-पंचवीस किट आणून विकावेत असा विचार आहे. अधिकृत वितरक नसताना हे करता येईल का?

उत्तर : विक्रीसाठी आणणे आणि शेल्फसाठी आणणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. वर म्हापशाच्या वाचकाला सांगितलेल्या सवलती तुम्हाला लागू नाहीत.

व्यापारचिन्हाच्या बाजूने चित्र अनुकूल आहे. सॅमसंगच्या प्रिंटरच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये असा निकाल दिला की परदेशात कायदेशीरपणे विकलेला अस्सल माल भारतात आणून विकणे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने निषिद्ध नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एकल न्यायाधीशांनी याच्या उलट मत दिले होते, यावरून विषय किती नाजूक आहे ते दिसेल. माल आयात केलेला आहे आणि त्यावर मूळ कंपनीची हमी नाही, हे ग्राहकाला ठळकपणे कळवण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले गेले. तुम्हीही तशी पाटी लावा. डबा उघडून भाग बदलणे किंवा दुसऱ्या वेष्टनात घालणे टाळा, कारण मालाच्या स्थितीत बदल झाल्यास कायद्याचे हे संरक्षण सुटू शकते.

कॉपीराइटची बाजू निराळी आहे. एका प्रतीची मोकळीक खासगी वापरापुरती आहे, व्यापाराला नाही. म्हणून चित्रपट किंवा मालिकांतल्या पात्रांचे किट वकिलाला विचारल्याशिवाय आणू नका. रणगाडे, जहाजे आणि विमाने यांपासून सुरुवात करा. आयात-निर्यात सांकेतिक क्रमांक लागेल आणि डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश व कमाल किरकोळ किंमत यांचे लेबल लागेल. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे, तेव्हा डब्यावर छापलेले वय प्रत्येक किटसाठी ऑर्डर देण्यापूर्वी पाहा. ‘आठ वर्षांपुढील’ असे छापलेला डबा तुमच्या यादीतून वगळावा लागेल, मग तो कितीही विकला जाण्यासारखा असो.