नोकरी आणि लहान मुलं सांभाळताना ख्रिस्ती विश्वासाला पहिलं स्थान कसं द्यावं?

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीमुळे लिहायला बसले. नोकरी आहे, दोन लहान मुलं आहेत, पहाटेची प्रार्थना बुडते, हे तर घरोघरी आहे. पण पुढे तुम्ही लिहिलंय की मंडळीतलं (चर्चमधलं) कुणीतरी तुम्हाला म्हणालं, "तुमच्या आयुष्यात प्रभूला पहिली जागा उरलेली नाही." जवळजवळ याच शब्दांत हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, सोबत वाचाही गेली. मी त्यांच्याजवळ राहत होते, दादाचं घर वेगळं. दादा मंडळीच्या कमिटीवर, उपवास-प्रार्थना चालवणारा, उपदेश तर असा करायचा की मागच्या बाकावरची माणसंसुद्धा डोळे पुसायची. त्याच्या विश्वासाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडाशी, टाचांना, खांद्याला जखमा होतात आणि एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, गुडघा आधी वाकवून घ्यायचा, मग सावकाश वळवायचं आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी सारायची. चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, तीही अंगात रुतते. हे करताना मी बायबलमधलं 23वं स्तोत्र म्हणायचे. सुरुवातीला केवळ स्वतःला धीर यावा म्हणून. एका रात्री मी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हटलं आणि पुढची ओळ पप्पांनी म्हटली. ज्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं त्यांनी! अडखळत, पण शब्द स्वच्छ. डॉक्टर नंतर म्हणाले की बोलणं गेलेल्या माणसालाही लहानपणापासून पाठ असलेल्या ओळी, गाणी, प्रार्थना कधीकधी म्हणता येतात. असेल. मला ती कृपाच वाटली आणि डॉक्टरांच्या सांगण्याने ती तसूभरही कमी झाली नाही. तेव्हापासून कूस बदलायची ती स्तोत्र म्हणतच. सुरुवात माझी, शेवट त्यांचा. मंडळीत इतकी वर्षं उभी राहून प्रार्थना केली, पण देव त्या खोलीत होता तितका जवळ मला कुठेच जाणवला नव्हता.

या काळात रविवारची उपासना मला बरेचदा चुकायची, स्त्रियांची सभा तर सुटलीच. एका रविवारी उपासना आटोपून दादा आला. हातात पवित्र शास्त्र, अंगावर इस्त्रीचे कपडे. पप्पांच्या उशाशी उभं राहून त्याने सुंदर प्रार्थना केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू प्रभूला पहिलं स्थान देत नाहीस. मार्था होऊ नकोस, मरीया हो." पप्पा ऐकत होते. त्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. मी म्हटलं, बुधवारी रात्री तू इथे थांब, मी प्रार्थनासभेला जाते. तो म्हणाला, बुधवारची मध्यस्थीची प्रार्थना मीच चालवतो, मला कसं जमेल? आणि गेला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात प्रभू घरी येतो तेव्हा मार्था कामात गुंतलेली असते आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत असते. मार्थेवरून लोकांना गप्प बसवणाऱ्यांनी त्या अध्यायावर थांबू नये. मरीयेने चांगला वाटा निवडला हे प्रभूचं वचन मला मान्य आहे. पण तिथे मार्थेला ठपका आहे तो काळजी आणि दगदग यांचा. स्वयंपाकघर सोड, असं प्रभू तिला कुठेही म्हणत नाही. पुढे योहानाच्या 11व्या अध्यायात, भाऊ कबरेत असताना, "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" ही कबुली कोण देतं? मार्था. शुभवर्तमानांत प्रभूचा शिष्य पेत्र याने दिलेल्या अशाच कबुलीशेजारी ठेवावी अशी ती कबुली आहे. आणि 12व्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत प्रभूसाठी मेजवानी होते तेव्हा मार्था पुन्हा वाढतेच आहे. या वेळी तिला कुणी एक शब्द बोलत नाही.

मार्काचा 7वा अध्याय तर मी दादाला वाचून दाखवायला हवा होता. आईबापाला जे द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण झालं असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला? तुम्ही आपल्या संप्रदायाने, म्हणजे चालत आलेल्या रूढीने, देवाचं वचन रद्द करता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल आणखी कडक आहे: जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. बुधवारची प्रार्थना देवाची आणि बुधवारची रात्र पप्पांची, अशी वाटणी शास्त्रात मला तरी सापडली नाही.

प्रार्थनेचा पक्ष घेणाऱ्यांना बेनेडिक्टचा दाखला आवडतो, म्हणून तोही सांगते. सहाव्या शतकात त्याने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातल्या 43व्या प्रकरणात आहे की देवाच्या उपासनेपेक्षा कशालाही वरचढ मानू नये. हे वाक्य सगळ्यांना पाठ. त्याच नियमांच्या 36व्या प्रकरणात आहे की आजाऱ्यांची शुश्रूषा सगळ्याच्या आधी आणि सगळ्याच्या वर, कारण त्यांची सेवा ही साक्षात ख्रिस्ताची सेवा. ही दोन्ही एकाच माणसाने लिहिली आणि त्याला त्यात विसंगती दिसली नाही. शिवाय 50व्या प्रकरणात तो सांगतो की लांब कामाला गेलेले बंधू वेळेवर पोचू शकत नसतील तर त्यांनी जिथे काम चाललंय तिथेच गुडघे टेकावेत. आयुष्यभर प्रार्थनेला वाहून घेतलेल्या माणसांना जी मुभा होती ती दोन लेकरांच्या आईबापाला का नसावी?

आता तुमचा प्रश्न. कसं करायचं?

पहाटेच्या तासाचा नाद सोडा. तान्ह्या किंवा लहान मुलांच्या घरात तो तास तुमचा नसतोच, आणि रोज हुकलेल्या तासाची टोचणी घेऊन माणूस हळूहळू देवाचंच तोंड चुकवू लागतो. त्याऐवजी वचन अशा कामाला बांधा जे कसंही करून रोज होतंच. मुलांना निजवणं, त्यांची तयारी करून देणं, कामावर जातानाचा प्रवास. एक स्तोत्र पाठ करा, मोठ्याने म्हणा, मुलांना ऐकू द्या. अर्थ त्यांना आज कळला नाही तरी चालेल. पप्पांना ते स्तोत्र कुणीतरी लहानपणीच शिकवलं होतं. वाचायला ठरलेला क्रम हवा असेल तर अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकाची जुनी वाटणी घ्या: 150 स्तोत्रं 30 दिवसांत, सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी. 119वं स्तोत्र 176 ओव्यांचं, तेही त्यात काही दिवसांवर विभागलंय. एका वेळेला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1535 साली आपल्या न्हाव्यासाठी, पेटरसाठी, प्रार्थना कशी करावी याची छोटी पुस्तिका लिहिली. सकाळी पहिलं काम प्रार्थना, रात्री शेवटचं काम प्रार्थना, आणि "आधी हे उरकतो, मग तासाभराने करतो" या विचाराच्या नादी लागू नकोस, असं तो सांगतो. त्याच पुस्तिकेत तो हेही म्हणतो की काही कामं प्रार्थनेच्या तोडीची, प्रसंगी वरचढही असतात. न्हाव्याला हे लिहिणाऱ्याला हाताला काम असणारी माणसं ठाऊक होती.

इथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं कुणीतरी सोयीने वापरेल. काम हीच माझी प्रार्थना, असं म्हणून एकांत कायमचा सोडता येत नाही. दिवसभर गर्दीत वावरलेला प्रभूसुद्धा मोठ्या पहाटे उठून ओसाड जागी प्रार्थनेला गेला, मार्क 1:35. घरचं कारण सांगून मोबाइलवर रात्र घालवणारेही मी पाहिलेत, त्यांना माझ्या पप्पांची गोष्ट लागू नाही. आणि नोकरीतल्या बढतीसाठी उपासना सोडणं हे आजाऱ्यासाठी सोडण्यासारखं अजिबात नाही. तुमचं यातलं नेमकं काय आहे ते तुम्हीच ठरवा, तुमच्या प्रश्नावरून मला ते कळलेलं नाही.

पण त्या टोकणाऱ्या व्यक्तीबद्दल माझं मत ठाम आहे. इ.स. 155च्या सुमारास जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते लिहिलं. जे हजर नसत त्यांच्यासाठी प्रभुभोजनातला (येशूच्या आठवणीत घेतलेल्या भाकर-द्राक्षारसातला) वाटा मंडळीचे सेवक घरी पोचवत आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके यांची काळजी घेतली जाई. न आलेल्याकडे मंडळी भाकर घेऊन जायची. माझ्याकडे दादा उपदेश घेऊन आला.

म्हणून त्या व्यक्तीला टाळू नका. पुढच्या वेळी भेटल्यावर सरळ विचारा की बुधवारी संध्याकाळी दोन तास मुलांना सांभाळाल का, मला प्रार्थनासभेला जायचंय. हो म्हणाली तर जा, आणि तिच्यासाठी मनापासून प्रार्थना करा. नाही म्हणाली तर पाळकांशी बोला. त्यांना सांगा की लहान मुलं किंवा घरात आजारी माणूस असलेल्या कुटुंबांसाठी आळीपाळीने कुणीतरी जावं, महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन मिळावं. पप्पांच्या शेवटच्या काळात आमच्या पाळकांनी हे केलं. मागावं लागलं, पण केलं. दादाला मात्र मी पुन्हा विचारलं नाही.