मुलीसाठी कथकचा क्लास निवडताना काय पाहावं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहा वर्षांची आहे आणि घराजवळ कथकचे दोन क्लास आहेत. एकाचा दर वर्षी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होतो, परीक्षांचे निकालही चांगले लागतात. दुसऱ्यात जेमतेम दहा मुली आहेत, कार्यक्रम होत नाही, आणि ओळखीची एक आई सांगते की तिथे वर्षभर नुसते पाय आपटायला लावतात. कुठे घालावं?

दुसऱ्यात घाला.

"नुसते पाय आपटायला लावतात" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. जवळपास हेच माझा मोठा भाऊ बोलला होता आणि ते ऐकून मी लेकीचं नुकसान केलं.

माझी लेक सहा पूर्ण झाल्यावर कथकला जायला लागली. ताईंचा क्लास त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, आठ-नऊ मुलींचा. पहिले कित्येक महिने गाणं नाही, घुंगरू नाहीत. फक्त सोळा मात्रांच्या तीनतालाचा तत्कार, म्हणजे ठेक्यात पाय टाकायचा सराव. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मी बाहेर पायरीवर बसायचो, ऐकून ऐकून मलाही पाठ झाला. त्यात एक जागा आहे. पाय उजवा, डावा, उजवा, डावा असे पडतात आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे 'आ'वर, पुन्हा डावाच पडतो. नवव्या मात्रेला तसाच उजवा दोनदा. चालताना आपण एकच पाय लागोपाठ दोनदा कधी टाकत नाही, त्यामुळे लहान मुलं तिथे हमखास चुकतात. ताई नेमक्या तिथे थांबायच्या. स्वतः तोंडाने बोल म्हणायच्या, हाताने ताल द्यायच्या. एखादी अडखळली की लय उतरवायच्या, तिचा पाय बरोबर पडेपर्यंत सगळा वर्ग त्या उतरलेल्या लयीत चालायचा. कुणी कंटाळलं तरी पुढे जायचं नाही.

दोन वर्षांनी एकदा आम्ही सगळे दादाकडे जमलो होतो. पुतणी दुसऱ्या एका मोठ्या क्लासला जायची. तिने सिनेमातल्या गाण्यावर नाच केला, आणि खरंच छान केला. मग सगळे माझ्या लेकीच्या मागे लागले, आता तू. तिने वाकून जमिनीला हात लावला, सरळ उभी राहिली आणि तत्कार सुरू केला. आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुण म्हणजे दुप्पट, मग चौगुण म्हणजे चौपट वेगात. पाय थांबवून हातावर टाळी-खाली दाखवत, म्हणजे हाताने ताल मोजत, बोल म्हणून दाखवले, आणि एका तिहाईने, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आली. आठ वर्षांची पोर, एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. दादाने व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला होता, तो मध्येच हळूहळू खाली आला. संपल्यावर तो म्हणाला, "दोन वर्षांत एवढंच? मग फी कसली घेतात?" सगळे हसले.

परत येताना गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, एवढंच म्हणजे किती?"

मला त्या वेळी उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. पुढच्याच महिन्यात ताईंना काहीतरी कारण सांगून तिला पुतणीच्या क्लासला घातलं.

तिथे एका वेळी साठ मुली. शिकवायला मोठ्या मुली, मुख्य बाई कार्यक्रम जवळ आला की दिसायच्या. लेहरा, म्हणजे तालासोबत फिरत राहणारी धून, आणि तबला स्पीकरवर. यात मोठा फरक पडतो, तो सांगतो. पढंत करणारी, म्हणजे तोंडाने बोल म्हणणारी गुरू मुलीकडे बघून लय कमी-जास्त करते. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. जिचा पाय चुकला ती चुकीच्या पायाने पुढे पळत राहते आणि तेच तिच्या अंगात बसतं. जमीन म्हणजे काँक्रीटवर घातलेली गुळगुळीत फरशी. त्यावर उड्या, गुडघ्यांवर घसरणं, आणि पहिल्याच महिन्यात प्रत्येक पायात शंभर घुंगरांचा चाळ, कारण स्टेजवर आवाज यायला हवा. चार महिन्यांत लेक रात्री नडग्या चोळत बसायला लागली. डॉक्टरांनी तीन आठवडे नाच बंद ठेवायला सांगितला. क्लासमधून फोन आला तो तिला बरं आहे का विचारायला नाही, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी करू का हे विचारायला.

तरी मी तिला काढलं नाही. वार्षिक कार्यक्रम झाला, ती पहिल्या रांगेत होती, दादा खूश. मी मात्र तिच्या पायांकडे बघत होतो. चौगुणीत तिचा 'आ' उजव्या पायाने पडत होता. उजवा, डावा, उजवा, डावा, सरळ चालल्यासारखं. सोळा मात्रा सम संख्येच्या असल्याने असं चुकूनही समेवर बरोबर पाय येतो. त्यामुळे कुणाला कळत नाही. टाळ्या पडल्या. दोन वर्षं जे एका वेळी एक पाऊल करून बसवलं होतं, ते दहा महिन्यांत गेलं होतं.

ताईंकडे परत गेलो. त्यांनी कारण विचारलं नाही. लेकीला सहा-सात वर्षांच्या नव्या मुलींमध्ये उभं केलं आणि ठाय लयीपासून सुरुवात केली. 'आ'वरचा डावा पाय परत यायला जवळजवळ आठ महिने लागले. नवं शिकायला लागले नसते एवढे, चुकीची सवय मोडायला लागले.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे. कला दाखवायची असते, कोंडून ठेवायची नसते, स्टेजची भीती लहानपणीच जायला हवी. मी म्हणतो, आपल्याला नाच येतो याची खात्री असली की स्टेजची भीती जाते. त्या दिवशी त्याच्या दिवाणखान्यात माझी लेक कुठे घाबरली होती? ती घाबरली तो हसल्यावर.

परीक्षांचं विचारलंय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चांगल्याच आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, मग विशारद, त्यांचेही प्रथम आणि पूर्ण असे दोन-दोन भाग. वर्षाला एक दिली तरी विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून ही गाडी पळवायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. वर्षभर त्या परीक्षेतले तोडे-तुकडेच, म्हणजे बोलांच्या छोट्या बांधलेल्या रचना, घोटून घेतले की मुलगी पास होते, पण तिला न घोटलेला तोडा देऊन हातावर ताल धरून म्हणायला सांगा, गप्प उभी राहते. निकाल विचारू नका. मागच्या वर्षी पास झालेल्या एखाद्या मुलीला तीनताल हातावर म्हणायला सांगा.

बाकी पाहायचं ते एका साध्या मंगळवारी जाऊन पाहा, कार्यक्रमाच्या दिवशी नाही. शेवटच्या रांगेतल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलीकडे शिकवणारीचं लक्ष तासाभरात किती वेळा जातं, ते मोजा. चप्पल काढून जमिनीवर टाच आपटून बघा. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन मिळाली तर उत्तम. कडक फरशी असेल तर पायाची तयारी हळूहळू करून घेतात का, विश्रांती देतात का, ते विचारा. लहान मुलीला सुरुवातीला पायाला पंचवीस ते पन्नास घुंगरू पुष्कळ झाले, आणि तेही पाय बसल्यावर. आणि शिकवणाऱ्या ताई स्वतः अजून कुणाकडे शिकतात का, हे संकोच न करता विचारा. कथक नृत्यांगना आणि गुरू रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही आपली नृत्यसंस्था सुरू केली आणि त्यानंतरही त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. ज्यांचं शिकून संपलं आहे त्यांच्याकडे मी मूल पाठवणार नाही.

आता काही गोष्टी मान्य करायला हव्यात. लहान क्लास म्हणजे चांगलाच, असं नाही. दहा मुली असूनही आळशीपणाने शिकवणारे असतात, आणि वर्षभर तत्कार का चालला आहे हे ज्यांना सांगता येत नाही त्यांना बहुतेक पुढचं येतच नसतं. ताईंना मी विचारलं असतं तर त्यांनी ते 'आ'वरचं पाऊल दाखवलं असतं, मी विचारलंच नव्हतं. मोठ्या क्लासमध्येही तुकड्या नीट पाडून, जाणत्या हाताखाली शिकवणारे आहेत. तुमच्या मुलीला गाण्यांवर नाचायला आवडत असेल आणि तेवढंच हवं असेल, तर तिला तसल्या क्लासला घाला, त्यात काही कमी नाही. फक्त त्याला कथक म्हणू नका. पुतणी आजही नाचते, आनंदात असते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुमच्या त्या दुसऱ्या क्लासच्या बाईंना भेटा आणि विचारा की या पाय आपटण्यात नेमकं काय बसवताय. त्या उठून करून दाखवायला लागल्या तर त्याच दिवशी नाव घाला. आणि वर्षभराने कुणी पाहुणा "एवढंच?" म्हणाला, तर मुलीसमोरच त्याला पाचव्या मात्रेचा पाय दाखवायला सांगा.