साताऱ्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला येताना काय तयारी करावी?
आपली बारावी मराठी माध्यमातून झाली असून कोरेगावहून रोज एसटीने ये-जा करणार आहात, असे आपण लिहिले आहे. सर्वांत आधी कागदपत्रे पाहावीत. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते नसेल, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचे काम अडते, म्हणून दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. घरी ओढाताण असेल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची कॉलेजात निःसंकोच चौकशी करावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. इंग्रजीची धास्ती मात्र खरी असते. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘डेप्रिसिएशन’ आणि उजवीकडे ‘घसारा’, अशा जोड्या बसमध्येच लिहीत असे, आणि दिवाळीपर्यंत ती वही भरली, तेव्हा वर्गातले व्याख्यान मला सलग कळू लागले होते.